माक सेलासी आणि चार उरलेले दिवस

मलाक्कात नदीच्या आमच्या काठावर चाळिशीच्या आतलं जे कुणी चालतं-बोलतं होतं, त्यातल्या निम्म्यांची नाळ माक सेलासीने कापलेली होती; माक म्हणजे आई. त्यामुळे ती कुणालाही काहीही बोलायची. बंदरावरचा मोठा हमालनाईक दिसला तरी भर बाजारात म्हणायची, "उलटा आला होतास तू. अजून तसाच आहेस." आणि तो हसत मान खाली घालून जायचा.

बुटकी, काटक बाई. विड्याने दात काळे झालेले, राग कायम नाकावर. नवऱ्याला समुद्राने नेलं. एकच मुलगी होती, तीही गेली. तिची गोष्ट सेलासी फारशी सांगत नसे, पण सगळ्यांना माहीत होती. मुलगी बाळंत झाली आणि बाराव्या दिवशी सासरच्यांनी तिला नावेत घालून मुआरला नेलं. वाटेत गार वारा लागला, ताप भरला, ती पोचलीच नाही. तेव्हापासून सेलासीचा एकच कायदा: बाळंतीण चव्वेचाळीस दिवस शेगडीशेजारून हलणार नाही. पोट घट्ट बांधायचं, तापवलेला दगड फडक्यात गुंडाळून शेकायचं, गार पाणी नाही, वारा नाही, नाव तर नाहीच. चव्वेचाळिसाव्या दिवशी ती स्वतः येऊन शेगडीवर पाणी ओतायची, पोटाचा पट्टा सोडायची. बाळंतीण तिचे हात कपाळाला लावून म्हणायची, "माक, तुला फार त्रास दिला, माफ कर." मग सेलासी म्हणायची, "सुटलीस." एवढं झालं की बाळाचे पाय पहिल्यांदा जमिनीला लावायचे आणि सेलासीला लुगडं, कोंबडी आणि पानसुपारी मिळे. तोवर बाळंतीण सुईणीच्या हातातली. नवऱ्याचीसुद्धा नव्हे.

"तुमचं काम दोन घटकांचं," ती आम्हा नवऱ्यांना ऐकवायची, "आणि निस्तरायचं मी चव्वेचाळीस दिवस."

हिजरी नऊशे सतरा साली फिरंग्यांची गलबतं आली. दोन वर्षांपूर्वी आली होती तीच जात, पण या खेपेला संख्या जास्त आणि तोंडं वाकडी. त्यानंतर दोन दिवसांनी माझी बायको मेलोर बाळंत झाली. मुलगी. सेलासीने नाळ कापली, वार मडक्यात मीठ घालून जिन्याखाली पुरली आणि मला म्हणाली, "सुलोंग, लाकडं बारीक फोड. धूर नको, निखारा हवा."

मी माल वाहणाऱ्या नावेचा माणूस. जहाजावरून उतरवायचा, काठावर आणायचा. गुजराती, पेगूचे, जाव्याचे, चीनचे, सगळ्यांचा माल या खांद्यांवरून गेलेला. त्यामुळे वाऱ्याचं मला कळतं असा माझा मोठा दिमाख होता. खरं तर तो मलाक्कातल्या प्रत्येकाचाच होता. आमच्याकडे लोक एका वाऱ्याने येतात, दुसऱ्याची वाट बघत सहा महिने राहतात, भांडतात, लग्न करतात आणि वारा फिरला की निघून जातात. कायमचं कुणी राहायला येतं हे आमच्या डोक्यातच बसत नसे.

बाळंतपणाच्या चोविसाव्या दिवशी फिरंगी किनाऱ्यावर उतरले. नदीवरच्या पुलापाशी मारामारी झाली, घरं जळली, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर सगळे परत जहाजांवर. आमच्या सासूबाई शहाण्या बाई. नाव पुतेह, पुलावर त्यांचं सुक्या मासळीचं दुकान होतं, ते त्यांनी डोळ्यांदेखत जळताना पाहिलं होतं. घरी येऊन त्यांनी पाय धुतले आणि म्हणाल्या, "वर नदीकाठी बेर्तामला माझा भाऊ आहे. उद्या पहाटे निघू. मेलोरला गुंडाळून नेऊ."

सेलासी शेगडीपाशी बसली होती. "एकोणीस दिवस उरलेत," ती म्हणाली.

"दिवस मोजायला माणसं तर उरली पाहिजेत, सेलासी."

"तू दुकान गमावलंस, पुतेह. मी मुलगी गमावली आहे."

सासूबाई मग माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, तुम्ही तरी बोला. की तोंडात विडा आहे?"

आणि सेलासीनेही माझ्याकडे पाहिलं. हे मला नीट आठवतं, कारण तिने कधी कुणाला विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. "तू दर्यावरचा माणूस," ती म्हणाली. "हे लोक जातील का? खरं सांग. जाणार नसतील तर मी आत्ता हिला उचलते, शेगडीसकट."

मी छाती काढून म्हणालो, "माक, ज्या वाऱ्याने आले त्याच्या उलट्या वाऱ्याने जातील. आजवर कोण राहिलंय इथे? आणि बघा ना, काल आले, जाळपोळ केली, परत गेले. सुंठीवाचून खोकला गेला."

"शपथेवर?"

"शपथेवर."

"मग राहू दे," सेलासी म्हणाली, आणि दगड तापायला टाकला.

चाळिसाव्या दिवशी घरातलं आलं आणि मिरी संपली. पोटाला लावायच्या लेपाला दोन्ही लागतात. सेलासीने सासूबाईंना सांगितलं, आणि त्या पहाटेच टोपली घेऊन पुलाकडच्या बाजारात गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "चार दिवस राहिले. मग तुमची बायको तुम्हाला, आणि माझी झोप मला."

त्याच भरतीला फिरंग्यांनी एक उंच जहाज पुलाला आणून भिडवलं. तोफा आमच्या घरात ऐकू येण्याआधी पायांना जाणवल्या, जमिनीच्या फळ्या हादरल्या. धूर वर आला तो पुलाच्या बाजूनेच. मी धावलो, पण पुलाच्या अलीकडेच लोकांच्या लोंढ्याने मला मागे रेटलं. सासूबाई दिसल्या नाहीत. परत कधीच दिसल्या नाहीत.

घरी आलो आणि मला काय झालं कोण जाणे. मेलोर मुलीला पोटाशी धरून रडत होती, आई कुठे, आई कुठे. मी सेलासीवर ओरडलो. "तुझ्या त्या चव्वेचाळीस दिवसांमुळे! त्या निघायला तयार होत्या. तू अडवलंस. आलं आणायला तू पाठवलंस."

 सेलासीने भाताचं मडकं रिकामं केलं, शेगडीतले निखारे त्यात भरले, वर राख पसरली. मेलोरच्या पोटाचा पट्टा दोन वेढे आणखी घट्ट केला. "नाव काढ," ती मला म्हणाली. "निखारा विझू देऊ नकोस. उरलेले चार दिवस हिच्या पायाशी ठेव."

"आणि तू?"

"मशिदीमागे एक बाळंतीण आहे. तिसरा दिवस."

"तिकडेच तर कापाकापी चालली आहे, माक."

"तिसऱ्या दिवशीची बाई नावेत जगत नाही," ती म्हणाली. "हिच्याजवळ तू आहेस. तिच्याजवळ कुणी नाही." कुणाची तरी छोटी होडी तिने सोडली आणि ती एकटी पलीकडे वल्हवत गेली. मागे वळून पाहिलं नाही, आणि मीही हाक मारली नाही. मी रागात होतो.

बेर्तामला पोचेपर्यंत आणि पुढेही मी तो निखारा सांभाळला. मेलोरला ताप आला नाही. चव्वेचाळिसावा दिवस आला, गेला. मी म्हणालो, "झालं. ऊठ आता." ती उठेना.

"माकने सोडलं नाही मला."

"ती आहे की नाही तेही माहीत नाही."

"मग लाकडं फोड," मेलोर म्हणाली.

साठ दिवस झाले, नव्वद झाले. मामेसासरे हसायचे, त्यांची बायको कुरकुरायची, इतकं सरपण कुणाच्या बापाचं. मेलोर पट्टा बांधून शेगडीपाशी, मुलीचे पाय जमिनीला लागलेले नाहीत. आई गमावलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं? वारा फिरला. काही गलबतं गेली. उरलेले फिरंगी मात्र टेकडीपाशी दगडी भिंत उभी करू लागले होते, आणि तिला लागणारे दगड आमच्या थडग्यांचे होते. तेव्हा मला कळलं की मी शपथेवर काय बोलून बसलो होतो.

शंभरावा दिवस उलटल्यावर मी नाव घेऊन नदीने खाली मलाक्काला गेलो. सेलासी मशिदीमागच्या त्याच घरात होती. अर्धं छप्पर जळालेलं, पण ती बाळंतीण जिवंत होती आणि तिचा मुलगाही. सेलासीचा डावा हात कोपरापासून वाकडा झाला होता. कसा, ते तिने सांगितलं नाही. मला पाहून विचारलं, "विझवलीस?"

"ती विझवू देत नाही."

ती नावेत येऊन बसली.

बेर्तामला पोचल्यावर तिने तांब्या मागितला आणि शेगडीवर पाणी ओतलं. एका हाताने पट्टा सोडायला तिला वेळ लागला. मेलोर रिवाजाप्रमाणे तिचे हात कपाळाला लावायला वाकली, तर सेलासीने हात मागे घेतले आणि स्वतःच खाली बसली. आजवर कुठल्या सुईणीने असं केलेलं मी ऐकलं नव्हतं.

"पोरी, तुझी आई निघत होती," ती म्हणाली. "मी अडवलं. माझं चुकलं. तू मला माफ कर, मग मी तुला सोडते."

मेलोर हुंदके देत तिच्या गळ्यात पडली. "केलं माफ, माक. केलं."

"सुटलीस," सेलासी म्हणाली, आणि डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. बहुतेक तिला वाटलं असावं, मी काहीतरी बोलेन. मी मुलीला उचललं, तिचे पाय जमिनीला लावले, आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

त्यानंतर माक सेलासी अकरा वर्षं जगली. माझी आणखी तीन मुलं तिनेच हातात घेतली. दरवर्षी पुतेहच्या नावाने ती भात शिजवून वाटायची, कारण ती आपल्यामुळे गेली असं ती मरेपर्यंत मानत होती. मी दरवर्षी तो भात खाल्ला.