चिनी पेपरात आमची ही

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये तेलात गेलं. पेपर वाचणं हे काही माझं काम नव्हे. पण ही गेली, घर खायला उठलं, आणि मी सिंगापुरात, सेंगकांगला मुलाच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये सकाळी जाऊन बसायला लागलो. तिथे इंग्रजी, मलाय, तमिळ, चिनी असे सगळे पेपर पडलेले असत. मराठी कुठला असणार? शेजारच्या टेबलावर एक चिनी म्हातारा बसायचा. त्याच्या पेपरात मी डोकावायला लागलो.

तो पेपर मागून उघडायचा. मागे नुसते चौकटीतले फोटो. मला वाटलं, निवडणुकीला उभे असतील.

"मेलेत," तो म्हणाला. "आधी ओळखीचं कोण आहे बघायचं, मग बाकीचं जग."

फोटोखाली नावंच नावं. मुलगे, सुना, नातवंडं, ज्याची त्याची जागा ठरलेली. आपल्या लग्नपत्रिकेत असतं ना, अगदी तसं. मी बोट ठेवून विचारत बसे, हा कोण, ही कोण. तोही कंटाळत नसे.

एक गोष्ट मात्र मला डाचत होती. ब्लॉकखाली सकाळी चिनी बायका हातपाय हलवायचा व्यायाम करत, त्यांच्यात आमची ही जायची. त्यातल्या एका म्हातारीशी तिचं फार जमलं होतं. एकीला मराठी, दुसरीला चिनी, तरी दोघी तासभर बोलत बसत. त्यांच्यात माणूस गेलं की ब्लॉकखालीच मांडव घालून बसतात, सगळ्यांना कळतं. हिला आम्ही हॉस्पिटलातूनच परस्पर स्मशानात नेलं. म्हातारीनं खुणेनं विचारलं, कुठे आहे? मी वर बोट केलं. ती हसून म्हणाली, "इंडिया?" तिला विमान वाटलं. तेव्हापासून दिसली की "इंडिया? कम बॅक?" रोज कोण खोटं बोलणार? मी तिला चुकवून मागच्या जिन्यानं जायला लागलो.

शेवटी हे त्या पेपरवाल्या म्हाताऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "फोटो छाप. ती हाच पेपर बघते."

मुलगा बँकेत आहे. म्हणाला, "बाबा, महाराष्ट्र मंडळाच्या ईमेलमध्ये आलंय की. आपल्यातलं कोण चिनी वाचतं?"

"तुझ्या आईच्या मैत्रिणी वाचतात," मी म्हटलं. तो उठून कपाटाकडे गेला. फोटो त्यानंच काढून दिला.

मजकूर लिहायला पेपरवाला बसला. "नाव सांग. आवाजावरून अक्षरं लावतो."

इथे माझी पंचाईत. हिला मी जन्मात नावानं हाक मारली नव्हती. "अगं" म्हटलं की यायची. नाव घेतलं तर तो म्हणे, "परत. सावकाश." भर कॉफीशॉपात किती वेळा घ्यायला लावलं.

मग वय. मी चौसष्ट सांगितलं, त्यानं सदुसष्ट लिहिलं. आकडे मला कळतात.

"अंकल, खोटं कशाला?"

"आमच्यात गेलेल्याला तीन वर्षं वाढवून देतात. एक आभाळाचं, एक धरतीचं, एक माणसाचं."

"जिवंतपणी द्या म्हणावं," मी म्हटलं.

त्यानं आकडा पुन्हा ठळक गिरवला. सदुसष्टच छापून आलं.

त्या सकाळी म्हातारी पेपर घेऊन थेट माझ्या टेबलाशी आली. मी उठायला लागलो तर खांदा दाबून बसवलं. डोळे लाल होते. खूप वेळ काहीबाही बोलली, पेपरवाला मान हलवत होता. मला म्हणाला, "शिव्या देतेय. सांगितलं का नाहीस म्हणून."

"देऊ दे. खरंच आहे."

मग तिनं सदुसष्टवर बोट ठेवलं, बोटांवर हिशेब केला आणि एकदम रडायलाच लागली.

"तीन वजा केले तिनं," पेपरवाला म्हणाला. "दोघी एकाच वर्षाच्या निघाल्या. आमच्यात प्रत्येक वर्षाला एक जनावर असतं. दोघी घोडा."

ती रडत होती आणि मला काय सुचावं? मी विचारलं, "आणि मी? मी हिच्याहून पाच वर्षांनी मोठा."

म्हातारीनं डोळे पुसले, पुन्हा बोटांवर मोजलं आणि पेपरवाल्याला काहीतरी सांगितलं.

"बैल," तो म्हणाला.

मी म्हटलं, तिला सांग, तुझी मैत्रीण मला आयुष्यभर हेच म्हणायची. त्यानं सांगितलं. म्हातारीनं माझ्याकडे नीट बघितलं आणि मान डोलावली.