लास्लोने

माझ्या सुनेचे आजोबा जिवंत असताना मी त्यांची शोकसभा घेतली.

आमची सून हंगेरीची. मुलगा अमित तिकडं शिकायला गेला आणि रेकाशी लग्न करून मोकळा झाला. (माझी बायको तिला पहिल्या दिवसापासून 'रेखा' म्हणते आणि पोरगी ओ देते.) मी मात्र मराठीचा निवृत्त मास्तर! उच्चारात तडजोड नाही. त्यांच्याकडं एस लिहिलं की 'श' म्हणायचं, एसझेड लिहिलं की 'स'. आडनाव आधी, नाव नंतर, आपल्या हजेरीपटासारखं. लातुरातल्या आमच्या कॉलनीत हंगेरियन नावांचा जाणकार म्हणजे मीच. (कुणी विचारत नव्हतं; मी सांगत होतो.)

एका सकाळी अमितचा मेसेज आला : 'रेकाच्या घरी वाईट झालं. सगळं आटोपलं की फोन करतो.' सोबत काळ्या चौकटीतल्या छापील कागदाचा फोटो. मी चष्मा लावला. साबो लास्लोने.

"काय लिवलंय?" बायकोनं विचारलं.

"लास्लोने."

"लास्लोने काय केलं?"

"केलं काही नाही. गेले ते. रेकाचे आजोबा."

"मग 'ने' कशाला?"

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण चाळीस वर्षांची सवय! "आदरार्थी प्रत्यय आहे तो. आपल्या 'जी'सारखा."

लग्नाला रेकाचे आजी-आजोबा दोघं लातूरला आले होते. आजोबांनी ठेचा खाऊन सगळ्या मांडवाला हसवलं होतं. आजी मात्र दोन दिवस हिचा हात धरून स्वयंपाकघरात बसून होत्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दोघी बोलत होत्या.

"आता त्या म्हातारीचं कसं व्हायचं हो?" डोळे पुसत ती म्हणाली.

मी कामाला लागलो. लग्नातला आजोबांचा फोटो मोठा करून आणला. शेजारचे किराणा दुकानदार नागनाथअप्पा फलक छापायला निघाले. "सर, आमच्या लिंगायतांसारखं लिंगैक्य लिवावं का स्वर्गवासी?"

"स्वर्गवासी लिहा. ते ख्रिस्ती आहेत."

संध्याकाळी कॉलनीच्या सभागृहात साठेक माणसं जमली. मी पंधरा मिनिटं बोललो. साबो म्हणजे शिंपी, लास्लो हे तिकडच्या एका संत राजाचं नाव, उच्चार 'लाझ्लो' नव्हे. दोन मिनिटं स्तब्धता झाली. हार घातलेल्या फोटोचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला.

पाचव्या मिनिटाला व्हिडिओ कॉल आला. रडून लाल झालेली रेका, आणि तिच्या शेजारी काळ्या कोटात लास्लो आजोबा!

"अरे देवा!" नागनाथअप्पा खुर्चीसकट मागं सरकले.

"बाबा," रेका तिच्या तुटक मराठीत म्हणाली, "आजी गेली. लास्लोने म्हणजे लास्लोची बायको. लग्न झालं, की बाईचं नाव असं. तिचं नाव खाली आहे, लहान अक्षर. पिरोश्का."

मी कागद पुन्हा पाहिला. होतं. मी ते गावाचं नाव समजलो होतो.

आजोबा बराच वेळ स्वतःच्या हार घातलेल्या फोटोकडं बघत होते. मग त्यांनी हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"आजोबा विचारतात," रेका म्हणाली, "पिरोश्काचं नाव कुठं आहे?"

नागनाथअप्पांनी फोटोवरचा हार काढला. बायको पुढं आली, फोन दोन्ही हातांत धरला आणि "पिरोश्का" एवढंच म्हणाली. एकदम शुद्ध उच्चार. पलीकडं आजोबांनी तोंडावर हात ठेवला. आम्ही सगळे पुन्हा उभे राहिलो. ह्या वेळी स्तब्धता पाळायला कुणाला सांगावं लागलं नाही.

घरी आल्यावर मला राहवेना. "काय पद्धत म्हणायची ही! बाई मेली तरी कागदावर नवऱ्याचं नाव!"

बायको चहा गाळत होती. "माझं नाव काय?"

"सुनंदा."

"ते तुम्ही लग्नात तांदळात लिवलेलं. माहेरचं काय व्हतं?"

मी आठवू लागलो. चहा निवला. ती आत निघून गेली. मी गुपचूप अंगणात जाऊन हदगावच्या मेव्हण्याला फोन लावला.

"भाऊ, आक्काचं पाळण्यातलं नाव काय हो?"

तो घाबरून म्हणाला, "द्वारका. दाजी, आक्का बरी हाय न्हवं?"

"ती बरी आहे," मी म्हणालो. "माझंच काही खरं नाही."