गंगाबाईंची तीन वाजताची तालीम

आमच्या घरात देवऋषी, उतारे, अंगात येणं यातलं काहीच चालत नव्हतं. धर्मांतरानंतर वडिलांनी ते सगळं उंबऱ्याबाहेर काढलं आणि मलाही तसंच वाढवलं. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. माझा स्वतःचा अनुभव लिहायला इतकी वर्षं लागली, त्याचं कारण भीती नाही... लाज आहे.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी मूळचा नायगावकडचा, उदगीरला महसूल खात्यात क्लार्क म्हणून लागलो होतो. अजून प्रोबेशनवर. पावसानं दडी मारलेली, जनावरांचे हाल चाललेले. चारा डेपोसाठी मोठी, छपराची जागा हवी होती. साहेबांच्या डोळ्यांत भरलं ते मोंढ्यामागचं, म्हणजे धान्यबाजारामागचं जुनं थिएटर.

निजामाच्या काळात एका व्यापाऱ्यानं ते बालाघाट संगीत मंडळीसाठी बांधलं होतं. पत्र्याचं छप्पर, लाकडी स्टेज, वर बायकांसाठी गॅलरी. मंडळी बीदर-गुलबर्ग्यापर्यंत नाटकं घेऊन जायची म्हणे. ती बंद पडूनही जमाना झाला होता. आत आता फक्त गंगाबाई राहायच्या. एके काळच्या नायिका, वय सत्तरीचं. स्टेजमागच्या रंगपटाच्या खोलीत एक स्टोव्ह आणि एक ट्रंक, एवढाच संसार. देगलूरचा पुतण्या मन्मथ त्यांना न्यायला दोनदा येऊन गेला, पण त्या हलत नव्हत्या.

"रोज तीनला तालीम असती. म्या गेल्यावर दार कोन उघडंल?" असं त्या म्हणायच्या. म्हणून सगळा मोंढा त्यांना वेडी म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी साहेब पंचनाम्याला येणार होते, म्हणून मोजमाप घ्यायला मी भर दुपारी गेलो, एकटाच. गंगाबाईंनी पाणी दिलं आणि त्या पहिल्या रांगेतल्या मोडक्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मी टेप लावून आकडे लिहीत होतो. तेवढ्यात ऑर्गन वाजला.

मला आधी वाटलं, रेडिओ. मग आठवलं, इथली लाईट कधीचीच तोडलेली आहे आणि बाईंकडे ट्रान्झिस्टरही नाही. ऑर्गन स्टेजच्या कोपऱ्यात होता – भाता उंदरांनी खाल्लेला, निम्म्या पट्ट्या गायब. तरी सूर येत होते. मग तबला. मग एका पुरुषाचा मोकळा आवाज. एका जागी तो चुकला, कुणीतरी टाळी वाजवून थांबवलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. अगदी तालमीत होतं तसं.

मी स्टेजवर चढलो. कुणी नव्हतं. पण चपलांखाली फळ्या थरथरत होत्या. धावत बाहेर आलो, इमारतीला चक्कर मारली. बाहेर चिडीचूप, फक्त हमालांचा आवाज. पुन्हा आत पाऊल टाकलं... गाणं चालूच.

गंगाबाई माझ्याकडेच बघत होत्या. "आईकलं न्हवं, लेकरा?"

मी मान हलवली. "हो. ऐकतोय."

त्या एकदम रडायलाच लागल्या. "लई बरं झालं बाबा. मला वाटाया लागलं हुतं, माजंच डोस्कं फिरलं. उद्या साहेबाम्होरं येवढंच सांगा... म्हातारी येडी न्हाई म्हून. दुसरं काई नगं."

"सांगतो की," मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, दोन पंच आणि मन्मथ असे सगळे आले. गंगाबाई धुवट लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "ह्यांला इचारा."

साहेब हसले. "काय हो, तुम्ही काल होतात ना इथं? ऐकलंत का काही?"

पंचही हसले. माझ्या डोळ्यांपुढे माझं प्रोबेशन आलं, ऑफिसात होणारी चेष्टा आली, वडिलांचा चेहरा आला. मी वहीत बघत म्हणालो, "नाही सर. काहीच नाही."

गंगाबाई भांडल्या नाहीत. मन्मथ हळूच म्हणाला, "बघा काकू, आता तरी चला." आठवड्याच्या आत त्या देगलूरला गेल्या आणि थिएटरात कडबा भरला.

त्या डेपोवर पुढं मलाच ड्युटी लागली. रोज तीन वाजता पेंढ्यांमध्ये कान देऊन उभा राहायचो. काही नाही. एकदाही नाही.

वर्षभरानं कामासाठी देगलूरला गेलो, तेव्हा राहवलं नाही. मन्मथच्या घरी गेलो. गंगाबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि एका दमात सांगितलं – "बाई, मी त्या दिवशी खोटं बोललो. मी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं."

त्यांनी मान वर केली, हसल्या. राग नव्हताच.

"न्हाई लेकरा. आदल्या दिशी तुमी म्हातारीचं मन राखलं, आन् आता बी तेच करून राहिलात. तुमी न्हाई म्हणलात, त्याच्या म्होरं म्या चार दीस तितंच हुते. रोज तीनला बसले. काई आलं न्हाई. तवा समजलं मला... माज्याच डोस्क्यात हुतं समदं."

"बाई, शपथेवर सांगतो–"

"ऱ्हाऊ द्या. चा घ्या."

मी चहा घेतला. दुसरं काय करणार होतो?

ते गाणं कुठून येत होतं, कोण गात होतं, माझ्या एका 'नाही'नं ते का थांबलं – की त्याचा माझ्याशी काही संबंधच नव्हता – मला आजही सांगता येत नाही. गंगाबाई पुढं लवकरच गेल्या. मन्मथचं कार्ड आलं होतं. त्यानं लिहिलं होतं, शेवटी काकू अगदी शांत होत्या, शहाण्यासारख्या वागायच्या. तुमच्यामुळं त्यांचं खूळ गेलं, तुमचे फार उपकार झाले.

ते कार्ड मी कुणालाही दाखवलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.