कुलूपबंद घरातली फोडणी

मोहरी तडतडली की मला आजही पोलीस आठवतो. बसवनगुडीत आमच्या समोर राहणारे अण्णा गावाला जाताना पोलीस ठाण्यात बंद घराची नोंद करून गेले, आणि रोज दोनदा एक हवालदार येऊन त्यांचं कुलूप हलवून बघायला लागला. अहो, राजाच्या खजिन्यालाही एवढा पहारा नसेल! परत आल्यावर अण्णा गल्लीभर सांगत सुटले, "आमच्या घराची सरकार राखण करतं." माझा असा जळफळाट झाला की डोक्यावर डोसे निघाले असते. बायको बेळगावला माहेरी गेली होती, म्हणून मीही जातोय अशी नोंद ठोकून दिली, पुढच्या दाराला कुलूप घातलं, मागच्या दाराने आत शिरलो आणि पडदे ओढून पहाऱ्याची वाट बघत बसलो. दुपारी हवालदार फाटकाशी आला आणि नेमकी तेव्हाच मी वरणाला हिंग-मोहरीची फोडणी दिली. वास थेट त्याच्या नाकात! मागच्या दाराने तो वाघासारखा आला आणि माझी कॉलर त्याच्या मुठीत. "साहेब, घर माझंच आहे हो!" "सगळे चोर हेच म्हणतात," असं म्हणत त्याने मला रस्त्यावर आणलं आणि अण्णांना विचारलं, "सर, याला ओळखता?" अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, तेवढ्यात माझे तीन जन्म होऊन गेले. "स्वल्प ओळखतो," ते शेवटी म्हणाले, आणि हवालदाराला कॉफीला घेऊन गेले. आज फोडणी देताना खिडकीतून पाहिलं, तर त्या हवालदाराची मोटारसायकल अजूनही कॉफीसाठी त्यांच्याच दाराशी उभी.