दोन्हीकडे फॉर्म

गाडी मी चालवायचे आणि ब्रेक ती दाबायची. शेजारच्या सीटवर बसून, उजवा पाय समोरच्या मॅटवर दाणकन आपटून. पुढे लाल दिवा असो, हरीण असो, नाहीतर नुसता पिवळा बोर्ड असो. त्या बाजूला ब्रेक नसतो हे तिलाही ठाऊक होतं. "पण समजा ताई, तुमचं लक्ष नसलं तर?" माझं लक्ष नसतं तर तिच्या पायाने काय होणार होतं, हे चार वर्षांत मला तिच्या गळी उतरवता आलं नाही.

"पण समजा" हे तिचं पालुपद. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. पिकनिकला निघताना सगळे चिप्स मोजतात आणि हे माणूस जवळचं हॉस्पिटल कुठे आहे ते बघतं. आपण हसतो, आणि कुणाच्या पायात काच गेली की पहिली हाक त्यालाच मारतो.

वेस्ट विंडसरला आमची घरं एकाच रस्त्यावर, आणि ऑफिसही एकच, औषधाच्या कंपनीचं. ती नागपूरची, मी पुण्याची आणि तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून ताई. नव्या औषधाच्या चाचण्यांची माहिती तपासायचं तिचं काम. कुठल्या पेशंटला काय त्रास झाला, कुठे काय लिहायचं राहिलं, ते हुडकून काढायचं. म्हणजे दिवसभर तिला "पण समजा" करण्याचाच पगार मिळायचा.

मूल व्हावं म्हणून तिने आणि तिच्या नवऱ्याने सहा वर्षं डॉक्टरांचे उंबरे झिजवले. मग एके दिवशी ते सगळं थांबवलं. दोघं इथले, अमेरिकेचे सिटिझन झाले त्याच महिन्यात, रूट वनच्या ट्रॅफिकमध्ये, ती म्हणाली, "ताई, आम्ही दत्तक घ्यायचं म्हणतोय." मी आनंदाने हॉर्न दाबला. पुढच्या गाडीतल्या माणसाने खिडकीतून हात काढून मला जे दाखवलं ते इथे लिहीत नाही.

"पण इथलं घ्यायचं की तिकडचं?" ती म्हणाली, आणि तिथून पुढे वर्षभर आमच्या गाडीत दुसरा विषय निघाला नाही.

भारतातून आणायचं तर मूल दीड-दोन वर्षांचं असणार. एक फोटो आणि चार पानांची फाईल येणार, चार दिवसांत हो की नाही ते सांगायचं. इथलं घ्यायचं तर तान्हं बाळ. पण इथे आपण बाळ निवडत नाही, बाळाची आई आपल्याला निवडते. ती शेवटच्या क्षणी मन बदलू शकते. आणि नाही बदललं तर ती पुढेही ओळख ठेवणार, फोटो मागणार, भेटायला येणार.

"म्हणजे बघा ताई," ती म्हणायची, "तिकडच्या मुलाला त्याची आई कधीच कळणार नाही. आणि इथल्या मुलाची आई रविवारी जेवायला येईल. यातलं मला काय झेपेल?"

मला कुठे ठाऊक होतं? पण सल्ला द्यायला माणसाला काही ठाऊक असावं लागतं थोडंच!

सल्ले तर सगळेच देत होते. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता एक काकू म्हणाल्या, "आपल्यातलंच आणा बाई. उद्या चारचौघांत उभं केलं तर शोभायला हवं." तिच्या सासूबाई भारतातून व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "तिकडचंच घ्या, गोरं असेल." ती दोघींनाही "हो" म्हणाली, आणि गाडीत बसल्यावर रडली.

शेवटी मला तिची ती घालमेल बघवेना. एका शनिवारी तिच्या ओट्यापाशी बसून मी म्हटलं, "अगं, बारावीनंतर आपण काय केलं होतं? इंजिनिअरिंगचा भरला, मेडिकलचा भरला, बीएस्सीचाही भरून ठेवला. जिथे नंबर लागेल तिथे जायचं. दोन्हीकडे फॉर्म भर आणि मोकळी हो."

सांगताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दोन एजन्सी होत्या, एक भारताचं काम करणारी, एक इथलं. दोघींच्याही फॉर्मवर एक प्रश्न होता: दुसऱ्या एजन्सीकडे अर्ज केला आहे का? तिचं पेन तिथे अडलं. "ताई, इथे काय लिहू?"

"नाही लिही. कोण बघायला जातंय!"

तिने लिहिलं. आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली. अनोळखी नंबरवरून फोन आला की चेहरा पांढराफटक. दोन्हीकडच्या बायका घर बघायला वेगवेगळ्या दिवशी आल्या, आणि दोन्ही वेळा हिने आधी कचऱ्याचा डबा उपसून दुसरीचा एखादा कागद तर नाही ना ते पाहिलं. नवरा हसून म्हणाला, "यार, आपण मूल आणतोय की स्मगलिंग करतोय?" ती हसली नाही.

इथल्या एजन्सीसाठी एक अल्बम करायचा होता, बाळाच्या आईला दाखवायला. पहिल्यांदा तिने लिहिलं ते वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. उंची, शिक्षण, स्वतःचं घर, निर्व्यसनी. "अगं, लग्नाचं स्थळ आहे का हे?" मी तो कागद फाडला. मग आम्ही साधे फोटो लावले. एकात नवरा हसतोय आणि ती त्याची बाही घट्ट धरून उभी आहे. तो मी काढून टाकणार होते, तिनेच राहू दिला.

आणि नंबर लागला. दोन्हीकडे, एकाच आठवड्यात.

सोमवारी भारतातून फाईल आली. दोन वर्षांची मुलगी, केस बारीक कापलेले, कॅमेऱ्याकडे न बघणारी. बुधवारी इथल्या एजन्सीचा फोन. पेनसिल्व्हेनियातल्या वीस वर्षांच्या एका मुलीने, सातवा महिना लागलेला, यांचा अल्बम निवडला होता. का, तर बाकीच्या अल्बममधल्या बायका फार आनंदी दिसत होत्या. "ही घाबरलेली दिसते. मीपण घाबरलेय," असं ती म्हणाली होती म्हणे.

गुरुवारी सकाळी ती फाईल घेऊनच गाडीत बसली. ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर तिने फाईलमधली एक ओळ मला वाचून दाखवली. मुलगी कोणाही अनोळखी माणसाच्या कडेवर लगेच जाते, असं तिथल्या बाईंनी कौतुकाने लिहिलं होतं.

"कोणाकडेही जाते, ताई. म्हणजे तिचं असं कोणीच नाही. त्या बाळाला निदान आई आहे. आणि त्याच्यासाठी रांगेत दहा घरं आहेत." तिने फाईल मिटली. "मी तिलाच आणणार. आणि दोन्ही एजन्सींना खरं सांगणार."

मी हादरलेच. "वेडी आहेस का? इथल्यांना नाही म्हण आणि गप्प बस. खरं सांगितलंस तर ती मुलगीही जाईल हातची!"

"जाईल," ती म्हणाली. "पण समजा नाही सांगितलं आणि ती आली. रोज तिच्या तोंडाकडे बघून मी काय आठवू?"



तिने दोन्हीकडे पत्रं पाठवली. इथल्या एजन्सीने दुसऱ्याच दिवशी फाईल बंद केली. भारताच्या एजन्सीने कळवलं की तुमचा होकार मिळाला, पण पुन्हा चौकशी होईल, तोवर काही सांगता येणार नाही. आणि पेनसिल्व्हेनियाहून निरोप आला की त्या मुलीला हे तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

तिचा नवरा तेव्हा कामासाठी टेक्सासला होता. मी घेऊन गेले.

एजन्सीच्या ऑफिसात छोटी खोली, टेबलावर टिश्यूचा डबा. मुलगी एका सुपरमार्केटच्या बेकरीत काम करायची, तशीच एप्रनवर आली होती. एजन्सीच्या बाई मध्ये बसल्या, मी कोपऱ्यात. आमच्या बाईने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे माझं बाळ तुमचं नंबर दोन होतं?"

सांगते तुम्हाला, मला तिथल्या तिथे जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. ते इंजिनिअरिंग-मेडिकल मी शिकवलं होतं.

"नाही," आमची बाई म्हणाली. "दोन्ही पहिलीच होती. हीच माझी चूक झाली."

मुलीने अल्बम टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "हा घेऊन जा." ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. "त्या छोटीवर मी रागावले नाहीये," एवढं म्हणाली आणि गेली.

परत येताना टर्नपाईकच्या हायवेवर मी म्हटलं, "नाही लिही असं मी सांगितलं होतं गं."

"लिहिलं मी, ताई," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून डोळे मिटून बसली.

पुढचे तीन आठवडे आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. मी, जिने गेल्या दहा वर्षांत देवापुढे निरांजन लावलं नव्हतं, ती रोज लावू लागले. चौकशीला आलेल्या बाईंनी माझीही तासभर उलटतपासणी घेतली. मी सांगितलं, दोष माझा, ती बाई खरी आहे. एका दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तिचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, मग फोन माझ्या हातात देऊन खालीच बसली. मंजुरी मिळाली होती.

पुढे कोर्ट, पासपोर्ट, व्हिसा, यात वर्ष गेलं. मुलगी आली तेव्हा तिचं तिसरं सरलं होतं. मी कडेवर घ्यायला हात पुढे केले, तर ती हिच्या ओढणीत घुसली आणि तिने भोकाड पसरलं. "कोणाकडे जात नाही हो आता," ही म्हणाली. इतक्या अभिमानाने कुणी तक्रार केलेली मी ऐकलेली नाही.

पण मुलगी यायच्या आधीच, त्या चौकशीच्या वर्षी मार्च सरता सरता एकदा तिने मला अंगणात गाठून विचारलं होतं, "ताई, झालं असेल ना ते बाळ आता?" पुढच्या मार्चमध्ये, मुलगी घरात रुळत असताना, म्हणाली, "ताई, वर्षाचं झालं असेल." मग तिच्या नवऱ्याला नवी नोकरी लागली म्हणून ते दूर कॅरी गावाला गेले, तरी त्यानंतरच्या मार्चमध्येही फोन आला. "दोन वर्षांचं, ताई. बोलायला लागलं असेल." एवढंच. मी "हो गं" म्हणायचे.

या मार्चमध्ये फोन आला नाही. महिना संपत आला तेव्हा मीच केला. मागून मुलीचा आवाज येत होता, "आई, कम ना! वुई आर लेट!" ही धापा टाकत हसत होती. "ताई, शाळेत हिचा नाच आहे हो, एक बूट सापडत नाहीये. नंतर करते हं." फोन बंद.

ती विसरली होती. मला खरंच फार बरं वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. मग हातातला फोन तसाच धरून मी ओट्यापाशी उभी राहिले. तीन वर्षांचं झालं असेल ते. मुलगा की मुलगी, कुणाच्या घरी आहे, काहीच माहीत नाही. आणि आता मला "हो गं" म्हणायलाही कुणी नाही.