काशिनाथनं वेळेवर वर केलेला हात

काशिनाथ गेल्याचं मला शाळेत कळलं. मधल्या सुट्टीत त्याचा भाऊ वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि "दादा गेला" एवढंच म्हणाला. याला आता सहा आठवडे होतील. काशिनाथ पनवेलच्या खाडीवरचा मिठागरवाला, माझा जुना मित्र. त्याच्याविषयी चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत. मला जे सांगायचं आहे ते त्याच्या हयातीतच सांगायला हवं होतं...

अकरा वर्षांपूर्वी आम्ही पाच जण हिमालयात गेलो. स्की, म्हणजे लाकडाच्या लांब पट्ट्या पायांना बांधून बर्फातून एक खिंड ओलांडायची, हे खूळ शरदचं. शरद आमच्या गावातल्या औषधवाल्यांचा एकुलता एक मुलगा, चोवीस वर्षांचा. सरावासाठी आम्ही सुताराकडून फळ्या करून घेतल्या आणि खाडीच्या चिखलावर घसरत राहिलो. काशिनाथची आई मला म्हणाली, "मास्तर, शालेत पन हाच शिकवता काय?"

मिठाचा थर धरला की नाही हे काशिनाथ टाचेनं दाबून सांगायचा. बर्फावरही तो तेच करू लागला. आमचा वाटाड्या आधी हसला, मग त्यालाच पुढे धाडू लागला. काशिनाथनं हात आडवा हलवला तर यायचं, वर केला तर जागीच थांबायचं, असं ठरलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खिंडीआधीचा शेवटचा उतार राहिला होता. एकाचा पट्टा तुटला म्हणून वाटाड्या आणि बाकीचे दोघं मागे थांबले होते. काशिनाथ उताराच्या मध्यावर खडकांपाशी पोचला, टाच दाबली, वाकून पाहिलं आणि हात वर केला. मला तो स्वच्छ दिसला. शरद माझ्याशेजारी खाली बसून पायाचे पट्टे आवळत होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, "काय म्हणतोय?"

माझी रजा संपत आली होती. थांबलो असतो तर एक दिवस जात होता, आणि काशिनाथ जरा जास्तच जपतो असं मला वाटायचं. मी म्हणालो, "ये म्हणतोय. निघ."

शरद सुटला. काशिनाथ ओरडत होता, पण वारा उलटा होता. दोघांच्या मधला सगळा उतार एका तुकड्यानं निसटला. शरद संध्याकाळी सापडला...

पनवेलला परतल्यावर शरदच्या आईनं विचारलं, "काशिनाथ, तू पुढे होतास ना रे?" तो म्हणाला, "हो आई. माजा हात उशिरा गेला असंल." मी त्याला खेटून उभा होतो. तोंड उघडलं नाही.

हंगामाचं पहिलं मीठ तो माझ्या आणि शरदच्या घरी पाठवायचा. त्या वर्षी शरदच्या आईनं ते दारातून परत पाठवलं, आणि जाईपर्यंत त्यांनी कधी घेतलं नाही. माझ्याकडे येत राहिलं. मी ते खात राहिलो. मीठ द्यायला आला की तो हमखास विचारायचा, "गुरुजी, खरा सांगा, उशीर झाला व्हता काय?" मी आठवत नाही म्हणून टाळायचो. एकदा मात्र वैतागून म्हणालो, "झाला असेल थोडा." त्यानंतर त्यानं विचारणंच सोडलं.

तेराव्यानंतर मी त्याच्या बायकोला, हिराबाईंना, सगळं सांगितलं. त्या सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होत्या. मग म्हणाल्या, "मना सांगून काय व्हनार, गुरुजी? ज्याला सांगाचा तो गेला."

शरदच्या आईवडिलांनाही जाऊन वर्षं झाली. हे ऐकून ज्याची सुटका होईल असं आता कुणी उरलेलं नाही.

मी निघालो तेव्हा हिराबाईंनी भिंतीवरचा शरदचा फोटो काढला. काच खाऱ्या हवेनं धुरकट झाली होती, मधोमध तेवढी पुसून पुसून लख्ख. मिठागरावर जायच्या आधी काशिनाथ रोज त्याच्यासमोर उभा राहायचा म्हणे. त्यांनी पदरानं धूळ झटकून फोटो माझ्या हातात दिला. "ह्यो तुमी न्या," म्हणाल्या.

फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. कपाटावर आहे. कागद अजून सोडलेला नाही.