अरलचा मासा

मेसईदच्या कारखान्यात माझ्याबरोबर एक कझाक वेल्डर होता. त्याचे वडील अरल समुद्रावरचे कोळी. कापसाला पाणी हवं म्हणून वरच्या नद्या वळवल्या, तसा तो समुद्र आटला, आणि याला कळायला लागेपर्यंत गावातल्या होड्या वाळूवर आल्या होत्या. भरलेला समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो कतारला येऊन. मी रायगडचा, खाडीकाठचा. आमच्याकडे बांध घालून समुद्र मागे हटवतात; त्याला परत आणायला निघालेली माणसं मला खुळी वाटायची.

गावकऱ्यांनी उरलेलं पाणी अडवायला वाळूचा बांध घातला होता, तो वादळात गेला. त्यावरून मी त्याला फार चिडवलं. नुसती भिंत काय कामाची, जादा पाणी सोडायला आमच्यासारखी उघाडी ठेवा, दारं बसवा, म्हटलं. पुढे तिथे खरोखरच दारांचा पक्का बांध झाला, तेव्हा मी आठवडाभर छाती फुगवून हिंडलो, जणू नकाशा माझाच.

मग वडिलांची पत्रं येऊ लागली. पाणी गावाकडे सरकतंय, गोडं होतंय, होडी दुरुस्त केली, तू ये. याचा जीव तिकडे, पण विश्वास बसेना. म्हाताऱ्याला आता खारट-गोड कळत नाही, म्हणायचा. पाणी खारटच राहिलं तर मासे टिकणार नाहीत, आणि इथली नोकरीही खलास.

एकदा वडिलांनी कुणाबरोबर तरी खारवलेले मासे पाठवले, स्वतःच्या जाळ्यातले. तिथला एकच मासा याच्या ओळखीचा होता, खाऱ्यात तगणारा, चपटा. हे निराळे होते. शुक्रवारी तो ते घेऊन आमच्याकडे आला. बायकोने भिजवून तळले, एक घास खाल्ला आणि ताटली सारली.

"ह्यो दर्याचा म्हावरा नाय. गोड्या पान्याचा हाय, चिखलाचा वास येतो."

पाहुण्याच्या माशाला नावं ठेवलेली! मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. तो जेवायचा थांबला. नक्की का, विचार म्हणाला. बायको दुखावली. माहेरी तिच्या सात पिढ्या मासळीवर वाढलेल्या.

तो रडला, मग तिच्याही ताटलीतले मासे त्याने संपवले. बायकोचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

रविवारी त्याने राजीनाम्याचा फॉर्म माझ्यापुढे धरला. कारणाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं.

"लिही," मी म्हटलं, "समुद्र आला."